सोळा वेळा पडलेला चॅम्पियन: तादाशी सावामुरा

१९७३ साल. जपानमध्ये प्रोफेशनल खेळाडूंचा वर्षातला सगळ्यात मोठा पुरस्कार कोणाला मिळणार याबद्दल कोणाला फारशी शंका नव्हती, कारण त्या वर्षी सादाहारू ओ यानं बेसबॉलमध्ये ट्रिपल क्राऊन मारला होता, म्हणजे सगळ्यात जास्त होमरन, सगळ्यात जास्त आरबीआय (आपल्या फटक्यावर टीमला मिळवून दिलेल्या धावा) आणि सगळ्यात चांगली सरासरी, तिन्ही एकाच सीझनमध्ये एकाच माणसाच्या नावावर. आणि जपानमध्ये बेसबॉल म्हणजे आपल्याकडे क्रिकेट. तरीपण पुरस्कार गेला एका किकबॉक्सरला. नाव तादाशी सावामुरा.

आज हे नाव आपल्याकडे सोडा, जपानमधल्या नव्या पोरांनासुद्धा पटकन आठवत नाही. मासातो माहिती असतो, तेनशिन माहिती असतो, ताकेरू माहिती असतो. पण हे सगळे ज्या खेळात मोठे झाले तो खेळ जपानच्या घराघरात नेला तो या माणसानं, आणि तो आला होता कराटेतून.

त्याचं खरं नाव हिदेकी शिराहा. जन्म ५ जानेवारी १९४३ चा, तोही जपानमध्ये नाही तर मांचुरियात, तेव्हा तो भाग जपानच्या ताब्यात होता. वाढला जपानमध्ये, कॉलेज टोकियोचं निहोन युनिव्हर्सिटी. आणि कराटे गोजू-र्यू. कराटे शिकलेल्यांना लगेच कळेल, गोजू-र्यू म्हणजे श्वासावर भर, जवळून लढायची तयारी, घट्ट बसलेले स्टान्स, म्हणजे उभं राहायच्या पद्धती. या पोराचं कराटे इतकं पक्कं होतं की तो ऑल जपान स्टुडंट चॅम्पियन झाला.

आता इथं दुसरा माणूस येतो, ओसामू नोगुची. बॉक्सिंग प्रमोटर. घरात बॉक्सिंग मुरलेलं, वडील बॉक्सर, आणि भाऊ क्यो नोगुची तर १९६२ मध्ये थायलंडच्या पोन किंगपेचबरोबर वर्ल्ड टायटलसाठी लढलेला. थायलंडशी असा संबंध आला आणि नोगुचीच्या डोळ्यात तिथला पारंपरिक लढाईचा खेळ मुए थाई भरलं. लाथा, गुडघे, कोपर, सगळं खरंखुरं, आणि स्टेडियम खच्चून भरलेलं. त्याला वाटलं हे जपानमध्ये आणलं तर चालणारच.

पण आधी त्यानं एक वेगळीच गोष्ट केली. कराटे भारी की मुए थाई भारी हा वाद आज कमेंटमध्ये चालतो ना, तो त्यानं प्रत्यक्ष रिंगमध्ये लावला. फेब्रुवारी १९६४, बँकॉकचं लुम्पिनी स्टेडियम, क्योकुशिन कराटे सुरू करणाऱ्या मासुतात्सू ओयामाच्या डोजोमधले, म्हणजे कराटेच्या शाळेतले, तीन कराटेवाले विरुद्ध तीन थाई फायटर. तादाशी नाकामुरा जिंकला, आकिओ फुजिहिरा जिंकला, आणि तिसरा केंजी कुरोसाकी कोपर खाऊन हरला. दोन-एक, जपानच्या बाजूनं. पेपरात अर्थातच जिंकलेल्यांचं कौतुक झालं, पण मला विचाराल तर त्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस हरलेला कुरोसाकीच, का ते पुढे सांगतो.

नोगुचीनं मग दोन वर्षांत स्वतःचा खेळच उभा केला. मुए थाईची चौकट, त्यात कराटे, ग्लोव्हज बॉक्सिंगचे, आणि सुरुवातीला तर डोक्यानं मारणं आणि ज्युडोसारखं उचलून फेकणंसुद्धा चालायचं, ते नंतर काढून टाकलं. किकबॉक्सिंग हे नाव त्याचंच. ११ एप्रिल १९६६ ला ओसाकात पहिला शो झाला. आणि त्यात नोगुचीनं उतरवला तो हा स्टुडंट चॅम्पियन, रिंगमधलं नाव तादाशी सावामुरा. पहिली मॅच तो जिंकला.

आता दुसरी मॅच. २१ जून १९६६. समोर समान सोर आदिसोर्न, थायलंडचा अस्सल मुए थाई फायटर.

काय झालं ते समजायला आधी थोडं टेक्निकचं बोलू या. त्या काळातल्या कराटे स्पर्धांमध्ये बहुतेक ठिकाणी ठोसा समोरच्याच्या अंगाजवळ नेऊन थांबवायचा, वेळ साधली की पॉइंट. त्यातून वेग येतो, अंतराचा अंदाज येतो, नजर तयार होते, हे सगळं खरं आहे आणि ते फालतू अजिबात नाही. पण त्यात दोन गोष्टी शिकायला मिळत नाहीत. एक म्हणजे मार खाऊन लढत राहणं. आणि दुसरी म्हणजे पहिला वार झाल्यानंतर काय करायचं, कारण तिथं रेफ्री थांबवतो आणि दोघं परत आपापल्या जागी. थायलंडमध्ये कोणी थांबवत नाही. थाई माणूस लाथ मारतो ती पावलानं नाही तर नडगीच्या हाडानं, पूर्ण कंबर फिरवून, आणि पहिली बसते मांडीवर. कराटेचा लांब स्टान्स असला की पुढच्या पायावर वजन असतं, तो पाय चटकन उचलून अडवता येत नाही, म्हणजे मांडी समोर उघडी. दोन-चार बसल्या की पाय जड होतो, पाय जड झाला की अंतर राखता येत नाही, अंतर गेलं की तो मान धरतो, आणि मान धरली की गुडघे.

सावामुरा त्या रात्री सोळा वेळा खाली पडला.

सोळा. आजच्या बहुतेक किकबॉक्सिंगमध्ये एका राउंडमध्ये तीन नॉकडाउन झाले की मॅच संपते, त्यामुळे हा आकडा आता कोणाच्या वाट्याला येणारच नाही. चौथ्या राउंडला सगळं संपलं, केओ, म्हणजे नॉकआउट. पण पंधरा वेळा पडल्यावर हा पोरगा पंधरा वेळा उठला होता आणि उठून परत त्याच माणसासमोर गेला होता, ज्याला कसं थांबवायचं हे त्याला अजिबात माहिती नव्हतं. जिद्द वगैरे शब्द आपण फार सहज वापरतो पण मांडीवर नडगी खाऊन बघितलेला कोणीही सांगेल की त्यानंतर उभं राहणं म्हणजे काय असतं, पाय आपला राहतच नाही, टेकवला की निसटतो. शरीर सांगत असतं बस आता, आणि ते बरोबरच सांगत असतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तिथं कराटे हरलं असं मला वाटत नाही. हरली ती एक तयारी, जी त्या मॅचसाठी नव्हतीच. आणि सावामुराचं मोठेपण हे की त्याला ते कळलं. स्टुडंट चॅम्पियन होता, डोजोत मान होता, परत जाऊन निवांत शिकवता आलं असतं. तसं न करता तो मुए थाई शिकायला बसला. लो किक, म्हणजे मांडीवरची लाथ, अडवायला नडगी कशी उचलायची, मान धरली की आतून हात कसे घालायचे, हे सगळं. आधीचं कराटे टाकून दिलं नाही, त्याच्यावरच नवीन बांधलं.

आणि मग आलं त्याचं हत्यार. उडी मारून गुडघा. जपानमध्ये त्याला नाव पडलं शिंकू तोबि हिझागेरी. एका पायावरून हवेत उसळायचं आणि दुसरा गुडघा थेट समोरच्याच्या हनुवटीत. ऐकायला सिनेमातलं वाटतं पण बसलं तर संपलं, कारण साध्या गुडघ्यामागं कंबर असते, इथं अख्खं शरीर असतं. धोका पण तेवढाच, चुकलं तर तुम्ही हवेत, पाय जमिनीवर नाहीत, आणि समोरचा मोकळा. त्यामुळे हे मारायचं तर वेळ अचूक लागते, आणि वेळ साधणं हेच तर त्यानं कराटेत वर्षानुवर्षं केलं होतं.

१९६८ पासून टीबीएस चॅनलनं हे दर सोमवारी संध्याकाळी सातला दाखवायला सुरुवात केली. स्पॉन्सर होती वायकेके, आपल्या जीन्सच्या आणि बॅगेच्या चेनवर बारीक अक्षरात जे नाव असतं ना, तीच कंपनी. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, जेवायची वेळ, सगळं घर टीव्हीसमोर, आणि सावामुरा उडी मारतोय. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं तीच उडी एकमेकांवर मारून बघायची. त्याला लोक म्हणायचे किक नो ओनि, किकचा राक्षस, त्याच नावानं इक्की काजिवारानं लिहिलेली मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, आली आणि १९७० मध्ये कार्टून सीरियल पण आली. जिवंत, चालू करिअरमधल्या फायटरवर कार्टून! बाकीचे चॅनल पण मागं लागले, एका टप्प्यावर चार-चार चॅनलवर किकबॉक्सिंग चालू होतं.

१९७३ मध्ये तर नोगुचीची कमाल झाली. त्याची गायकांची पण कंपनी होती, त्यातला हिरोशी इत्सुकी त्याच वर्षी जपान रेकॉर्ड अवॉर्ड जिंकला, आणि इकडे सावामुरानं सादाहारू ओ याला मागं टाकून खेळातला पुरस्कार घेतला. एकाच माणसाच्या हाताखालचे दोघं, एकाच वर्षी देशातले दोन इतके मोठे पुरस्कार.

आता रेकॉर्ड. २४१ मॅच, २३२ विजय, ५ पराभव, ४ ड्रॉ. आणि २३२ पैकी २२८ केओ.

हा आकडा ऐकून तुमच्या मनात जे आलं ते जपानमधल्या लोकांच्या मनात पण आलंच. २२८ केओ म्हणजे जवळजवळ प्रत्येक विजय केओ. टीव्हीवर दर आठवड्याला हिरो जिंकायला हवा, समोर बाहेरून आणलेला कोणीतरी, आणि शेवटी ती उडी. बऱ्याच मॅचेस ठरवलेल्या असायच्या हा आरोप तेव्हापासून आहे, आणि मी तो उडवून लावणार नाही. सगळे २२८ केओ सारख्या ताकदीच्या लोकांवर झाले असं म्हणणं भाबडेपणा होईल. पण रेकॉर्डमध्ये घोळ आहे म्हणून माणूसच खोटा असं धरायचं, हे पण मला मान्य नाही. दहा वर्षांत २४१ मॅच म्हणजे सरासरी महिन्याला दोन. आजचा टॉपचा किकबॉक्सर वर्षाला तीन-चार लढतो आणि मधे महिनोन्महिने दुखणी बरी करतो. समोरचा हलका असला तरी नडगीवर नडगी आदळतेच, गुडघा उडी मारून जमिनीवर उतरतोच, आणि हे महिन्यातून दोनदा, दहा वर्षं. आणि समानबरोबरची ती रात्र तर कोणी ठरवून केलेली नव्हती, आपल्या हिरोला सोळा वेळा पाडून घेणारी स्क्रिप्ट कुठला प्रमोटर लिहील?

१९७६ नंतर सावामुरा रिंगमध्ये दिसलाच नाही. ना घोषणा, ना मुलाखत. देशातला इतका ओळखीचा चेहरा असा गेला म्हटल्यावर अफवा उठणारच, कोणी म्हणे वेड लागलं, कोणी म्हणे मेला. १० ऑक्टोबर १९७७ ला टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये रीतसर निवृत्तीचा समारंभ झाला आणि त्यानंतर तो परत गायब. तो हिरो गेल्यावर खेळाची पण पडझड झाली, १९७९ मध्ये टीबीएसनं कार्यक्रम बंद केला.

खरं काय होतं? तर तो मित्राच्या गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये काम करत होता. आणि लहान मुलांना कराटे शिकवत होता. बस. ज्याच्यावर कार्टून निघालं त्याला स्वतःची जाहिरात करत फिरायचं नव्हतं, पैशासाठी पुनरागमन वगैरे पण नाही. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण फायटर लोकांना थांबता येत नाही, एक शेवटची, अजून एक शेवटची असं करत करत डोक्याला मार बसत राहतो आणि म्हातारपणी त्याची किंमत मोजावी लागते. हा वेळेवर थांबला. २६ मार्च २०२१ ला फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेला, वय ७८. अंत्यसंस्कार घरच्यांनीच उरकले, बाहेर बातमी नंतर आली.

आता तो कुरोसाकी, बँकॉकमध्ये कोपर खाल्लेला. तो पण हरूनच शिकला. परत येऊन त्यानं टोकियोत मेजिरो जिम काढलं, तिथून तोशिओ फुजिवारासारखा फायटर निघाला ज्यानं १९७८ मध्ये बँकॉकचं राजादामनर्न स्टेडियमचं टायटल जिंकलं, थायलंडबाहेरच्या माणसानं पहिल्यांदाच. त्याच जिममध्ये यान प्लास नावाचा डच पोरगा शिकून गेला आणि ॲमस्टरडॅममध्ये त्यानं त्याच नावाचं जिम सुरू केलं, अख्ख्या डच किकबॉक्सिंगचं एक मूळ तिथं आहे. आणि १९९३ मध्ये जपानमध्ये के-वन ही किकबॉक्सिंगची मोठी स्पर्धा सुरू झाली ती काझुयोशी इशीईनं, म्हणजे परत एका कराटेवाल्यानंच.

१९ जून २०२२ ला टोकियो डोममध्ये तेनशिन नासुकावा आणि ताकेरू समोरासमोर आले. दोघांची सुरुवात लहानपणी कराटेत झालेली. बघायला ५६,३९९ लोक, तेनशिन पॉइंटवर जिंकला. फुजी टीव्ही ही मॅच दाखवणार होतं पण ऐनवेळी त्यांनी माघार घेतली, त्यामुळे ज्यांना तिकीट मिळालं नाही त्यांना पे-पर-व्ह्यूचे पैसे भरून मोबाईलवर नाहीतर लॅपटॉपवर बघावी लागली. आणि लाखो लोकांनी पैसे भरले.