निळा डाग

[थर्मल कॅमेरा. ट्रेडमिलवर चालणारा माणूस]
पडद्यावर जिथं पांढरं दिसतंय, तिथं अंग सगळ्यात तापलंय. चालताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जवळपास पाऊण भाग उष्णताच होतो. रक्त ती कातडीपर्यंत आणून सोडतं, घाम सुटतो, तो वाळला की अंग निवतं. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण वाळला तरच.

[बंद संरक्षक सूट]
या सूटमध्ये तो वाळत नाही. हातमोजा निघाल्यावर मनगटावरून लागलेली धार बघा.

[जुनं चित्रीकरण]
जून १९६६. जेमिनी ९ या अमेरिकी यानातून अंतराळवीर यूजीन सर्नन अंतराळात बाहेर पडले. सूटमध्ये गारव्यासाठी नुसता वायू खेळवलेला. मेहनत वाढली, घाम वाढला, हेल्मेटची काच आतून धुरकटली, आणि ठरल्याआधीच त्यांना आत परतावं लागलं. तीनच वर्षांनी चंद्रावर चालणाऱ्यांच्या अंगात बारीक नळ्या बसवलेला आतला पोशाख होता. नळ्यांतून गार पाणी फिरायचं. आजच्या पोशाखात त्या नळ्या ९० मीटरच्या आसपास भरतात. गारवा किती हवा, ते चालणारा स्वतः झडप फिरवून ठरवायचा. मला यात झडपच सगळ्यात मोलाची वाटते.

[बर्फाचं जाकीट]
का, ते इथं दिसेल. जाकीट आत्ताच उतरवलंय. छातीवर गडद निळा डाग, म्हणजे तिथली कातडी गारठलीय. घालणाऱ्याला हायसं वाटतं, कारण गार झाल्याची वर्दी मेंदूला आधी कातडीच देते. पण कातडी फार गारठली की तिच्या रक्तवाहिन्या आकसतात. आतली ऊब घेऊन येणारं रक्तच तिथं कमी पोचतं, घामही आवरतो. माणूस निवांत, आणि आतलं तापमान चढतंच, असं होऊ शकतं.

[हातावर जाकिटाचा कप्पा]
यात बर्फ नाही, मेणासारखा पदार्थ आहे. २८ अंशांच्या आसपास वितळतो. बोटानं दाबा : कडेला पातळ, मधे अजून घट्ट. किलोमागे तो बर्फापेक्षा कमी उष्णता शोषतो, पण ३३-३४ अंशांच्या कातडीला गारठवत नाही. रक्त वाहतं राहतं. असा गारवा जमला, तर हृदयाचे ठोके कमी चढतात, काम जास्त वेळ झेपतं, उष्माघाताचा धोका घटतो.

[दोन आकडे, शेजारी शेजारी]
डावीकडे कातडीचं तापमान. उजवीकडे पोटातलं, गिळलेल्या गोळीतल्या सेन्सरनं कळवलेलं. जाकीट चढलं. डावीकडचा आकडा लगेच घसरला. उजवीकडचा बघत राहा.