टपाला खांब नसलेली गाडी

25 जुलै 1956, रात्रीचे अकरा वाजून गेलेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, नॅनटकेट बेटाच्या दक्षिणेला, समुद्रावर दाट धुकं पसरलंय, आणि इटलीहून न्यूयॉर्कला निघालेलं आंद्रेया दोरिया हे जहाज, जे दुसऱ्याच दिवशी सकाळी बंदराला लागायचं होतं, त्याच्या उजव्या कुशीत स्टॉकहोम नावाचं दुसरं जहाज घुसतं. दोन्ही जहाजांवरची मिळून 51 माणसं गेली. बाकी दीड हजाराच्या वर लोकांना रात्रभर बोटींमधून उतरवून घेतलं, आणि सकाळी दहाच्या सुमाराला आंद्रेया दोरिया बुडालं.

त्या जहाजाच्या पोटात, मालाच्या खणात, एक गाडी होती. जगात तशी एकच, नाव नॉर्समन, अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीची, ऑटो शोंमध्ये दाखवायला बनवलेली. ती रस्त्यावर कधी धावलीच नाही आणि लोकांनी कधी डोळ्यांनी बघितलीच नाही.

मोजकेच ब्लॅक अँड व्हाइट फोटो राहिलेत तिचे, त्यातला एखादा नीट बघा. समोरची काच जिथे संपते तिथे दोन्ही बाजूंना टपाला धरणारा खांब असतो ना, आपण त्याला पिलर म्हणतो, तो शोधा. नाहीये. आख्खा टप मागच्या बाजूने उचलून धरलाय, बाल्कनीचा स्लॅब भिंतीतून बाहेर येतो तसा, आणि पुढे फक्त काच.

ज्यांनी घाटात गाडी चालवलीय त्यांना लगेच कळेल ही गाडी आखणारा माणूस कशाच्या मागे लागला होता. वळणावर त्या पिलरच्या आड एक आख्खा माणूस लपतो, स्कूटर लपते, आणि आपण मान पुढे काढून काढून बघत असतो. हा माणूस म्हणजे क्रायस्लरचा डिझायनर व्हर्जिल एक्सनर. त्याला तो खांबच नको होता, चालवणाऱ्याला समोरचा सगळा रस्ता एका नजरेत दिसावा, मध्ये काही येऊ नये.

एक्सनर 1949 मध्ये क्रायस्लरमध्ये आला तेव्हा तिथल्या गाड्या उंच आणि चौकोनी असायच्या. कंपनीचे प्रमुख के. टी. केलर यांचं म्हणणं असं की माणसाला डोक्यावर हॅट ठेवून गाडीत व्यवस्थित बसता आलं पाहिजे. म्हणजे टप किती उंच ठेवायचा हे हॅटवरून ठरायचं! (त्या काळात आपल्याकडे कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरच्या कारखान्यात क्रायस्लरच्याच डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जायच्या, जुन्या मुंबईच्या फोटोंमध्ये दिसणाऱ्या त्या भारदस्त गाड्या त्याच घराण्यातल्या.) एक्सनरला गाडी बुटकी आणि लांब हवी होती, उभी असली तरी आत्ता सुटेल अशी वाटणारी.

आणि त्याला साथ मिळाली ती इटलीतल्या तुरीन शहरातल्या गिया या वर्कशॉपची. अमेरिकेत अशी एक गाडी हाताने बनवायची म्हणजे खर्च परवडायचा नाही, म्हणून ड्रॉइंग आणि छोटी मॉडेल्स जहाजाने तुरीनला जायची, आणि तिथले कारागीर पत्रा ठोकून ठोकून, हातोडीच्या एकेका घावाने त्याला गोलाई देत गाडी उभी करायचे. मला या सगळ्या गोष्टीत हे कारागीर सगळ्यात जवळचे वाटतात, कारण कागदावर खांब खोडून टाकणं वेगळं आणि खांबाशिवाय टप खरोखर तोलून धरणं वेगळं, आणि ते त्यांनी करून दाखवलं. मागची काचसुद्धा अशी की मोटरवर सरकत पुढे टपाच्या आत जायची. गाडीचं पोटही खालून सपाट झाकून घेतलेलं, वारा अडू नये म्हणून. हे काही शोपुरतं नव्हतं हो, खालची बाजू शोमध्ये वाकून कोण बघतं?

त्याच वर्षी, 1956 मध्ये, तिकडे जनरल मोटर्समध्ये डिझाइनप्रमुख हार्ली अर्लच्या टीमने फायरबर्ड 2 ही शोची गाडी आणली होती, टायटॅनियमची बॉडी, पुढे गॅस टर्बाइन इंजिन, आणि कल्पना अशी की रस्त्यात तार पुरायची आणि गाडीने तिचा माग काढत आपोआप चालायचं, घरचे मागे निवांत बसलेत. आज ड्रायव्हरशिवाय गाडी म्हटलं की आपल्याला कालपरवाची गोष्ट वाटते, पण ही माणसं सत्तर वर्षांपूर्वी त्यावर मनापासून काम करत होती. फायरबर्ड नावाच्या तिन्ही गाड्या वाचल्या, कंपनीने जपल्या. सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. 1955 च्या मोटोरामा या जनरल मोटर्सच्याच शोमध्ये झळकलेली शेवरोले बिस्केन शो संपल्यावर मोडीत काढायला पाठवली, तुकडे केले तिचे, आणि ते तुकडे मिशिगनमधल्या एका भंगारवाल्याच्या यार्डात तीसेक वर्षं पडून राहिले. 1988 मध्ये जो बोर्ट्झ या संग्राहकाने ते विकत घेतले आणि मग वर्षानुवर्षं खपून गाडी परत जोडली गेली.

नॉर्समनला भंगारवालासुद्धा मिळाला नाही. जेनोआ बंदरात ती जहाजावर चढली, पुढच्या वर्षीच्या ऑटो शोंमध्ये फिरायची होती, लोक तिच्याभोवती गर्दी करणार होते, कोणीतरी लहान मूल नक्की विचारणार होतं की वरचा टप पडत कसा नाही. क्रायस्लरने दुसरी बनवली नाही. त्याच 1956 मध्ये एक्सनरला हार्ट अटॅक आला. त्या वर्षीच्या शेवटी क्रायस्लरच्या 1957 च्या गाड्या शोरूममध्ये आल्या, बुटक्या, लांब, मागे माशाच्या परांसारख्या उंच फिन्सवाल्या, सगळ्या एक्सनरच्या हातच्या, लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या, आणि त्या सगळ्यांना पुढे पिलर होते.

आंद्रेया दोरिया आजही तिथेच आहे, सत्तर-पंचाहत्तर मीटर खाली, एका कुशीवर पडलेलं. पाणी थंड, ओढ जबरदस्त, तिथे उतरलेले कितीतरी डायव्हर परत आले नाहीत. जहाजाचा सांगाडा आता स्वतःच्याच वजनाने खचत चाललाय. आणि त्याच्या आत कुठेतरी, तुरीनच्या हातोड्यांनी घडवलेला तो पत्रा आहे.