क्रिप्टिक शब्दकोडे आणि ते सोडवणारी मंडळी

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणाचा विषय शब्दकोडे हा आहे. मात्र 'सूर्याचा समानार्थी शब्द' किंवा 'दक्षिणेतील एक नदी' असे सरळ विचारणारे नेहमीचे कोडे नव्हे. ज्या कोड्यातला प्रत्येक संकेत वरवर एक सांगतो आणि आतून दुसरेच विचारतो, त्या क्रिप्टिक शब्दकोड्याविषयी, आणि त्याहूनही अधिक ते मिळून सोडवणाऱ्या मंडळींविषयी मला बोलायचे आहे. व्याख्या देत बसण्यापेक्षा एक संकेतच ऐका. 'गळ्यात पडलेला पराभव', अक्षरे दोन. हे शब्द कानावर पडताच कुणाची तरी झालेली नामुष्की डोळ्यांपुढे येते, आणि कोडे रचणाऱ्याला नेमके तेच हवे असते. उत्तर आहे 'हार'. गळ्यात पडतो तोही हार आणि पराभव होतो तीही हार. वाक्याचे वरचे चित्र पुसून टाकले आणि शब्द सुटे करून पाहिले, की त्यात लपवलेले काहीच नव्हते असे लक्षात येते.

या खेळाचा पाया असलेला नियम एकच आहे, आणि नवख्याने तो आधी शिकावा. संकेताच्या एका टोकाला, म्हणजे अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ दिलेला असतो. उरलेल्या भागात तोच शब्द अक्षरांच्या वाटेने, किंवा 'हार'सारखा दुसऱ्या अर्थाने, पुन्हा घडवून दाखवलेला असतो. 'मगर चवताळून तापलेली', तीन अक्षरे. इथे 'तापलेली' हा अर्थ, आणि 'चवताळून' ही अक्षरे विस्कटण्याची खूण. 'मगर' विस्कटली की 'गरम' हाती येते. 'लोक मळलेल्या वाटेत गवसते चिखलातले फूल' या संकेतात तर उत्तर उघड्यावरच ठेवलेले आहे: 'लोक'मधला 'क' आणि त्याला लागून येणारे 'मळ', म्हणजे 'कमळ'. नियतकालिकात हा संकेत वाचणाऱ्याला दोन शब्दांमधली मोकळी जागा फसवते; तुम्हाला तो रेडिओवरून ऐकू येतो आहे, त्यामुळे कदाचित तुमच्या कानाने तो आधीच पकडला असेल.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेत झाला. आर्थर विन यांनी रचलेले पहिले कोडे 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध झाले. क्रिप्टिक वळण त्याला मिळाले ते मात्र ब्रिटनमध्ये. एडवर्ड पॉविस मॅथर्स हे 'टॉर्कमाडा' या टोपणनावाने 'द ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून १९३९ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, कोडी रचत राहिले. टॉर्कमाडा हा स्पेनमधला कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीश. वाचकाचा छळ करणाऱ्याने त्याचे नाव घ्यावे, यात विनोद होता. त्यांच्यानंतर त्याच जागी आलेल्या डेरिक मॅकनट यांनी 'झिमेनेस' या दुसऱ्या धर्मन्यायाधीशाचे नाव घेतले, आणि १९७२ पासून त्या परंपरेत आलेल्या जोनाथन क्राउदर यांनी 'देझा' या तिसऱ्याचे नाव रोमन लिपीत उलटे करून 'अ‍ॅझेड' असे टोपणनाव केले. सही करतानाही ज्यांना शब्द उलटापालटा केल्यावाचून राहवत नाही, अशा माणसांचा हा खेळ आहे.

टॉर्कमाडाच्या काळात नियम सैल होते. कोडे अवघड असणे आणि ते न्याय्य असणे या दोन गोष्टींतला फरक तेव्हा नीट ठरलेला नव्हता. तो ठरवला 'अफ्रिट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची यांनी आणि पुढे झिमेनेस यांनी. १९४९ साली अफ्रिट यांनी कोडेकाराला घालून दिलेली अट अशी आहे: तू जे बोलतोस तेच तुझ्या मनात असले पाहिजे असे नाही, पण जे तुझ्या मनात आहे ते तू बोललेच पाहिजेस. या अटीमुळे कोडेकार आणि सोडवणारा यांच्यात एक विश्वासाचे नाते तयार होते. तो मला चकवणार हे मला माहीत असते, आणि चकवतानाही तो खोटे बोलणार नाही याची खात्री असते. मिळून सोडवण्याचा सारा आनंद याच खात्रीवर उभा आहे, असे माझे मत आहे. कारण संकेत न्याय्य असेल तरच त्याची उकल दुसऱ्याला समजावून सांगता येते, आणि न समजल्यास त्यावर वादही घालता येतो.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी मराठीतलाच एक संकेत घेऊ. 'आकाशाला पायऱ्या लावून ठेवा', अक्षरे तीन. एकट्याने बसलेला माणूस यावर बराच वेळ आकाशातच हिंडत राहतो. नक्षत्रे आठवतात, शिडी आठवते, स्वर्ग आठवतो; पण अक्षरे जुळत नाहीत. हाच संकेत चारचौघांत मांडला की निराळेच काही होते. ज्याने थोडेफार संस्कृत वाचले आहे तो म्हणतो, आकाशाला 'ख' हे एकाक्षरी नाव आहे, म्हणून तर पक्ष्याला खग म्हणतात. दुसऱ्याला पायऱ्या म्हणताच 'जिना' दिसतो. 'खजिना' हा शब्द एव्हाना तिघांच्याही ओठांवर आलेला असतो, तरी कुणी निश्चिंत होत नाही, कारण या वाक्यात खजिन्याचा संबंध काय, हे अजून कळलेले नसते. मग इतका वेळ गप्प बसलेली, बहुधा अगदी नवखी व्यक्ती विचारते, 'ठेवा' ही आज्ञा नसेलच तर? पूर्वजांचा ठेवा म्हणतो, तो ठेवा असेल तर? आणि सगळी मंडळी एकदम हुश्श करते.

मला या प्रसंगात सर्वांत मोलाचे वाटते ते उत्तर सापडल्यानंतर आणि त्याचे कारण सापडण्याआधीचे अंतर. क्रिप्टिक कोड्यात उत्तर पुष्कळदा आधी येते. उभ्या-आडव्या शब्दांतून मिळालेल्या अक्षरांवरून ते जुळते, घरात बसते, आणि तरीही ते का बरोबर आहे हे सांगता येत नाही. साध्या कोड्यात घर भरले की काम संपले. इथे ते तेव्हा सुरू होते. एकट्या माणसाला असे अर्धवट कळलेले उत्तर रुखरुख लावून जाते. सोबतीला मंडळी असली की कुणीतरी ती गाठ सोडवतेच, आणि सोडवताना तिला स्वतःलाही जे आधी दिसले नव्हते ते दिसून जाते.

अर्थात सगळे एकमताने होते असे समजू नका. आकाशासाठी 'ख' घेणे न्याय्य आहे का, यावरच अर्धा तास सहज जाईल. खगोल आणि खग हे शब्द सर्वांना माहीत आहेत, म्हणून चालेल, असे एकाचे म्हणणे; सुटा 'ख' रोजच्या मराठीत कुणी वापरत नाही, म्हणून ही लबाडी, असे दुसऱ्याचे. मी पहिल्या बाजूचा आहे, पण दुसऱ्या बाजूला माणसे असावीत अशीच माझी इच्छा असते. असे वाद घालणारी मंडळी हळूहळू एखाद्या कोडेकाराची शैली ओळखू लागते. टोपणनाव झाकले तरी कोडे कुणाचे ते सांगते. अमक्याला संगीताचे वेड आहे आणि तमका शेवटचा शब्द नेहमी खोडकर ठेवतो, हे तिला ठाऊक असते.

या मंडळींचे काही अलिखित शिष्टाचारही असतात. उत्तर येत असेल तर ते एकदम ओरडून सांगू नये. विचारले तरच, आणि तेही उत्तर न सांगता, 'शेवटच्या शब्दाकडे पुन्हा बघ' एवढेच सुचवावे. हे पाळणे वाटते त्याहून कठीण आहे. वेगाने सोडवणारे लोक या बाबतीत विशेष बदनाम असतात. वेगाचेही काही मोल आहे, हे मान्य केले पाहिजे: जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली, आणि तिच्यात भाग घेतलेल्या काही जणांना पुढे ब्लेचली पार्क या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश केंद्रात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामासाठी बोलावणे आले. पण निवांत बसलेल्या मंडळींत बारा मिनिटांचा विक्रम करणारा माणूस बाकीच्यांचा आनंद हिरावूनच घेतो.

मराठीत असे संकेत रचू पाहणाऱ्याला काही वेगळ्या अडचणी येतात. इंग्रजीत सुटी अक्षरे हलवता येतात; आपल्याकडे काना-मात्रेसह अख्खे अक्षर हलते, त्यामुळे विस्कटण्याचा चकवा आखूड पडतो. त्यातून विभक्ती लागली की शब्दाचे रूप बदलते. 'मगर' विस्कटता येते, 'मगरीने' म्हटले की सगळे बिघडते. उलट शब्द फोडण्याच्या बाबतीत मराठी अतिशय श्रीमंत आहे. सभंग श्लेषाचा, म्हणजे शब्द तोडून दुसरा अर्थ काढण्याचा, आनंद आपल्या जुन्या कवितेने पिढ्यानपिढ्या घेतला आहे, आणि या कोड्याची सवय लागलेल्या माणसाला 'कावळा' दिसला तरी 'का' आणि 'वळा' असे दोन तुकडे ऐकू येतात. शिवाय सा, रे, ग, म हे स्वर म्हणजे कोडेकाराला आयत्या मिळालेल्या एकाक्षरी विटा आहेत. षड्ज म्हटले की 'सा', पंचम म्हटले की 'प'.

कोडेकार आणि त्याचे वाचक यांचे नाते किती दूरवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण सांगतो. 'अरौकारिया' या टोपणनावाने 'द गार्डियन'मध्ये अनेक दशके कोडी रचणारे जॉन ग्रॅहम हे धर्मोपदेशक होते. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांच्या एका कोड्याच्या वर एक टीप छापून आली: अरौकारियाला १९ क्रमांकाच्या जागी १८ झाला आहे आणि त्यावर १५ हा उपचार चालू आहे. वाचकांनी ते तीन शब्द सोडवले तेव्हा कळले, की अन्ननलिकेला कर्करोग झाला आहे आणि वेदना शमवणारे उपचार चालू आहेत. ही बातमी त्यांनी सरळ निवेदनाने दिली नाही. ज्यांच्याशी आयुष्यभर या भाषेत बोलले, त्यांना याच भाषेत कळवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. काहींना हा प्रकार विचित्र वाटेल. मला त्यात विलक्षण सभ्यता दिसते, कारण बातमी कळण्यापूर्वी प्रत्येक वाचकाला थोडा वेळ त्यांच्या सोबत बसावे लागले.

मंडळीत काही काळ रमलेला माणूस फार दिवस नुसता सोडवणारा राहत नाही. झिमेनेस आणि अ‍ॅझेड यांनी हे ओळखून वाचकांसाठी स्पर्धा ठेवल्या: एक शब्द द्यायचा, आणि त्यासाठी वाचकांनीच संकेत रचून पाठवायचा. एकाच शब्दाकडे पोचणाऱ्या निरनिराळ्या वाटा मग शेजारी शेजारी मांडून पाहता येतात, आणि आपल्याला सुचलेली वाट किती सामान्य होती तेही कळते. हा प्रयोग तुम्हीही मित्रमंडळींत करून पाहू शकता. शब्द निवडा 'वारा', 'पानगळ' किंवा 'करवत', आणि प्रत्येकाने एकेक संकेत रचा. त्यात एका टोकाला सरळ अर्थ आहे की नाही, हे दुसऱ्याने तपासावे.

तोवर सोडवायला एक संकेत देतो. तीन अक्षरे: 'तात्पर्यात गंधार मिसळला की अथांग पाणी'. उत्तर मी सांगणार नाही. ज्याला ते आधी सापडेल त्यानेही शेजारच्याला लगेच सांगू नये. नमस्कार.