दहाची पाटी

श्रोतेहो, नमस्कार. आज महागाईविषयी बोलायचंय, आणि त्यासाठी मी तुम्हाला परळला, आमच्या चाळीच्या तोंडाशी घेऊन जाते.

दर शनिवारी संध्याकाळी तिथे ‘हर माल दस’ची हातगाडी लागायची. दांडीला पत्र्याची पाटी, पाटीवर लाल रंगात दहाचा आकडा. साबणदाणी, सोलाणं, कपड्यांचे चिमटे, चहाची गाळणी, काहीही उचला, दहा रुपये. आई दिवाळीच्या आधी तिथून नवी गाळणी घ्यायची. चहा स्टीलच्या जाळीतूनच गाळावा, हे तिचंही मत होतं आणि माझंही आहे. प्लॅस्टिकच्या जाळीतून गाळला की पत्ती कितीही भारी असू दे, चव जातेच.

जुनी गाळणी आई टाकत नसे, खिळ्याला अडकवून ठेवायची. एका दिवाळीला नवी गाळणी आणली, पातेलं उचललं, चहा ओतायला घेतला, तर गाळणी किटलीच्या काठावर बसेचना. सरळ आत पडली. आईने खिळ्यावरच्या तिन्ही जुन्या काढल्या, नवी घेतली आणि तशीच खाली गेली. १९७२-७३ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन ज्या बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांत आई होती. भावाबद्दल विचारायचा संकोच तिला कधी वाटला नाही.

गाडीवर तिने चारही गाळण्या ओळीने मांडल्या. पहिलीला दुहेरी जाळी, दांडा स्टीलचा. दुसरीला एकेरी जाळी. तिसरीचा दांडा प्लॅस्टिकचा. चौथीचं तोंडच लहान. “दहा रुपये तेच आहेत,” आई म्हणाली, “गाळणी तीच नाही.”

गाडीवाला चिडला नाही. म्हणाला, “मावशी, मशीद बंदरला घाऊक बाजारात मला दरवेळी भाव वाढवून सांगतात. पाटी बदलली तर गिऱ्हाईक थांबत नाही. मग मी माल लहान आणतो.”

आई म्हणाली, “मला किटलीवर बसणारी आण. मी पंधरा देते.”

पुढच्या शनिवारी पाटीवर दहाच होते. पण खालच्या फळीवर, फडक्याखाली, तिच्यासाठी एक दुहेरी जाळीची गाळणी ठेवली होती. वर्षभरात पाटीवरही वीसचा आकडा आला, आणि गाडीवर मोठ्या गाळण्या परतल्या.

मंडळी, अमेरिकेत अगदी हेच झालं. ‘डॉलर ट्री’ नावाची दुकानं तिथे जवळपास ३५ वर्षं एका डॉलरला वस्तू विकत होती. २०२१ च्या अखेरीस त्यांनी बहुतेक वस्तूंचा भाव सव्वा डॉलर केला. म्हणजे एकदम २५ टक्के वाढ. कंपनीने तेव्हा सांगितलं की एका डॉलरला परवडत नाहीत म्हणून बंद केलेल्या वस्तू आता परत ठेवता येतील. आमच्या गाडीवाल्याचीच गोष्ट.

म्हणून सांगते, महागाई आधी वस्तूत शिरते, पाटीवर नंतर येते. पाटी बदलली की आपण म्हणतो महागाई आली. ती केव्हाच आलेली असते.

आणि स्वस्त दुकानातला भाव वाढतो तेव्हा दुखतं कुणाला? बासमती घेणारा कोलमवर येतो, कोलमवाला आणखी जाड तांदळावर. जो आधीच सगळ्यात स्वस्त ते घेतोय, त्याने कुठे उतरायचं? २०१२ हे पायाभूत वर्ष धरून सरकार महागाईचा जो निर्देशांक काढायचं, त्यात खाण्यापिण्याला १०० पैकी सुमारे ४६ वजन होतं, म्हणजे घरखर्चाच्या शंभर रुपयांतले सुमारे ४६ खाण्यापिण्याचे धरले जात. ही झाली सगळ्या देशाची सरासरी. रोजच्या कमाईवर चूल पेटवणाऱ्या घरात पगाराचा याहून मोठा वाटा किराण्यात जातो. त्या घराची महागाई सरासरीत दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता एक कामाची गोष्ट. पाकिटावर छापील किमतीबरोबर एका ग्रॅमचा किंवा किलोचा दरही असतो. तो वाचा. ‘एकावर एक फुकट’ असलं तरी वाचा. पाच रुपयांचा पुडा पाचलाच मिळतोय म्हणून निर्धास्त राहू नका, आत किती ग्रॅम आहेत ते पाहा. आधी वजन, मग किंमत. आधी वजन, मग किंमत. दुकानात जाताना चष्मा न्या, अक्षरं फार बारीक असतात. ती किमतीइतकीच मोठी छापायला लावली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

नमस्कार.