पिंजरा उचलल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून ऐकत असाल, तर बिबट्या तुम्हाला मी काय सांगणार! पेठ-सुरगाण्यात वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. बागायतीत मात्र पिंजराच. वासरू गेलं की सकाळी गावाची एकच मागणी: पिंजरा लावा. आत शेळी ठेवतात, एखाद्या रात्री बिबट्या अडकतो, मोबाइलवर व्हिडिओ फिरतात, गाव निवांत झोपतं. आणि महिन्याभरात बांधावर पुन्हा ठसे.

पिंजऱ्यात आला तोच वासरू नेणारा होता, हे तरी कोण सांगणार? शेळीच्या वासाला जो भुलला, तो अडकला. शिवाय बिबट्याची हद्द ओस पडत नाही. जुना नर गेला की आजूबाजूचा एखादा तरुण नर तिथे शिरतो. खायला काय कमी आहे? आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यात गावातल्या कुत्र्यांचाच वाटा 39 टक्के निघाला.

जुन्नरची गोष्ट तर विसरू नये अशी. 2001 पासून तिथले बिबटे धरून सरासरी 40 किलोमीटरवरच्या जंगलात सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशोब मांडला: आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, परतीची वाट धरतं.

परवा निफाडला एक काका म्हणाले, "मग गोळीच घाला ना!" काकांचा राग मला कळतो. पण अमेरिकेत कोयोट नावाच्या कोल्ह्यासारख्या प्राण्यावर शंभराहून जास्त वर्षं बंदूक, सापळा, विष सगळं चालवलं. तो उलट नव्या प्रदेशांत पसरला. त्याच अमेरिकेत लांडगे मात्र बहुतेक राज्यांतून नाहीसे झाले. आपल्याकडे चित्ता गेला. म्हणजे मारून निर्वंश करता येतो, हे खरं. पण हवे तेवढेच ठेवायचे आणि बाकीचे काढायचे, हे बंदुकीला साधत नाही.

माणसावर पुन्हापुन्हा झडप घालणारा बिबट्या हटवलाच पाहिजे, त्यात दुमत नको. 1972 च्या वन्यजीव कायद्यातही ती वाट ठेवली आहे. एरवी मात्र पिंजऱ्याच्या अर्जाइतकाच जोर बंदिस्त गोठ्यासाठी आणि शेतीपंपाच्या दिवसाच्या विजेसाठी लावावा. रात्री दोनला पाणी भरायला उसात एकट्यानं जायचं, आणि दोष सगळा बिबट्याचा?

आता उसाची तोडणी सुरू होईल, सरीत बछडी सापडतील. उचलून घरी आणू नका, वनविभागाला कळवा. त्याच जागी ठेवली तर बहुधा रात्रीत मादी येऊन नेते. उसातच जन्मलेली ही पिल्लं. त्यांना 'जंगलात परत' सोडायचं म्हणजे नेमकं कुठे?

नमस्कार.