निर्दोष सुटलेल्या माणसाची पुढची वीस वर्षं

(एका वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

बायको पलंगावर मरून पडली आहे आणि नवरा तिच्याशेजारी बसून आहे. तास-दोन तास नव्हे, जवळजवळ चोवीस तास. डॉक्टरला फोन नाही, पोलिसांना नाही, एकुलत्या एका मुलालाही नाही. हा नवरा अमेरिकेतल्या अपील न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश आहे आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर जाण्यासाठी निवडणूक लढवतो आहे. वीसेक वर्षांपूर्वी, सरकारी वकील असताना, तो स्वतःच खुनाच्या खटल्यात आरोपी होता आणि सुटला होता. अमेरिकन लेखक स्कॉट टुरो यांची ‘इनोसंट’ ही कादंबरी इथून सुरू होते. ती आली २०१० साली, म्हणजे ‘प्रिझ्यूम्ड इनोसंट’ या पहिल्या पुस्तकानंतर तेवीस वर्षांनी.

वाचकांत फूट पडते ती या पहिल्याच प्रसंगावर. काही जण म्हणतात, असं कुणी वागेल का? ज्याचं सगळं आयुष्य कोर्टात गेलं, ज्याच्यावर एकदा खुनाचा आळ येऊन गेला, त्याला एवढं कळू नये की उशीर म्हणजे संशय? तो मुख्य न्यायाधीश आहे हेच त्यांच्या अविश्वासाचं कारण. दुसरे वाचक नेमकं तेच कारण पुढे करतात आणि उलटं म्हणतात. ज्याने एकदा आरोपी म्हणून सगळं भोगलं, तो फोन उचलण्याआधी चोवीस तास बसून राहणारच. मी या दुसऱ्या बाजूची आहे, आणि का ते आज सविस्तर सांगणार आहे.

त्यासाठी पहिल्या पुस्तकाचा शेवट सांगावा लागेल. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांची आधीच क्षमा मागते, पण तो शेवट झाकून दुसऱ्या पुस्तकाविषयी प्रामाणिकपणे बोलताच येत नाही. दुसऱ्याचा शेवट मात्र मी सांगणार नाही.

टुरो हे शिकागोत केंद्र सरकारचे वकील होते. नोकरीवर जाता-येता, सकाळच्या गाडीत, वह्यांमध्ये त्यांनी ‘प्रिझ्यूम्ड इनोसंट’ वर्षानुवर्षं लिहिली आणि १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. गोष्ट घडते किंडल काउंटी नावाच्या कल्पित परगण्यात. तिथला मुख्य सरकारी वकील लोकांनी निवडून दिलेला असतो आणि ऐन निवडणुकीच्या धामधुमीत कॅरोलिन पोल्हिमस या सरकारी वकील स्त्रीचा खून होतो. तपास येतो रस्टी सॅबिचकडे, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या नवऱ्याकडे. रस्टीचं कॅरोलिनशी प्रकरण होऊन गेलेलं आहे, ही गोष्ट तो कार्यालयात कुणालाही सांगत नाही. त्याचा वरिष्ठ, म्हणजे तो मुख्य सरकारी वकील, निवडणूक हरतो, नवे लोक येतात आणि तपास करणाराच आरोपी होतो. पुरावा भक्कम दिसतो: पेल्यावर त्याच्या बोटांचे ठसे, मृतदेहात त्याच्या रक्तगटाशी जुळणारं वीर्य. मग तो पेलाच मुद्देमालातून गायब होतो, सँडी स्टर्न हा अर्जेंटिनात जन्मलेला बचावाचा वकील सरकारी साक्षीदारांना शांतपणे उसवत नेतो आणि प्रकरण ज्यूरीच्या हाती जाण्याआधीच न्यायाधीश खटला काढून टाकतात. रस्टी सुटतो. त्यानंतर, अगदी शेवटी, आपल्याला कळतं की खून त्याच्या बायकोने, बार्बराने, केला होता. रस्टीला ते कळलेलं असतं. तो गप्प राहतो.

आपल्याकडच्या वाचकाने इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, नाहीतर दुसऱ्या पुस्तकातली निम्मी धग हाती लागत नाही. आपल्याकडे खालच्या कोर्टात आरोपी सुटला तरी सरकार वर अपील करू शकतं. १९५९ सालचा नानावटी खटला आठवा. मुंबईत ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे ते दोषी ठरले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. अमेरिकेत हे घडू शकत नाही. तिथे साक्षीपुरावा होऊन आरोपी सुटला की सुटलाच. त्याच गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा उभं करता येत नाही, मग नंतर कितीही पुरावा सापडो. आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(२)मध्येही एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही हे तत्त्व आहे, पण अमेरिकेतलं संरक्षण त्याहून पुष्कळ रुंद आहे.

आता हे टॉमी मोल्टोच्या जागी बसून पाहा. पहिल्या खटल्यात मोल्टो सरकार पक्षाचा वकील होता. तो हरला, त्याच्यावर पुरावा बनवल्याचा संशय आला, नाव खराब झालं. ‘इनोसंट’मध्ये तोच परगण्याचा मुख्य सरकारी वकील आहे. बार्बरा मरते, रस्टी चोवीस तास गप्प बसलेला आढळतो, आणि हाताखालचा जिम ब्रँड मोल्टोच्या मागे लागतो की हा माणूस एकदा निसटला आहे, पुन्हा निसटू देऊ नका. पहिल्या खटल्याच्या वेळी डीएनए चाचणी उपलब्ध नव्हती. आता आहे. पहिल्या खुनातला वीर्याचा जुना नमुना तपासला जातो आणि तो रस्टीचाच निघतो.

या जागी मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. विज्ञान इथे शंभर टक्के खरं बोलतं आणि सरकारी वकील त्यातून शंभर टक्के चुकीचा निष्कर्ष काढतात. नमुना रस्टीचाच आहे. खून त्याने केलेला नाही. तो नमुना तिथे कसा आला हे पहिलं पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे; मोल्टोला ठाऊक नाही, ज्यूरीला तर त्या जुन्या प्रकरणाचं काही ऐकवायचंही नाही. जे सांगू शकले असते त्यांपैकी एक जण मेली आहे आणि दुसरा आरोपी आहे. वाचकाकडे सगळ्यात जास्त माहिती आणि तिचा उपयोग शून्य. कायद्याभोवतीच्या थरारकथेत उत्कंठा ही अशी तयार व्हावी. पाठलाग आणि बंदुका कुठल्याही कथेत असतात. काय माहीत आहे आणि त्यातलं काय न्यायालयात उच्चारता येतं, या दोहोंमधल्या अंतरात माणूस कसा चिरडतो, हे दाखवायला कायदाच लागतो.

तरीही अनेक वाचक निराश झाले, आणि त्यांची निराशा मला उथळ वाटत नाही. त्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप बार्बराबद्दल आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी ती मुलाला, नॅटला, घेऊन दुसऱ्या गावी निघून जाते. रस्टी एकटा उरतो. त्या शेवटात एक कठोर न्याय होता: कोर्टाने शिक्षा दिली नाही, पण घर मोडलं. ‘इनोसंट’ उघडावं तर दोघं पुन्हा एका छताखाली. तिचा मानसिक आजार, औषधं, मुलासाठी केलेली तडजोड, ही सगळी कारणं लेखक देतो. वाचक विचारतो, जिने माणूस मारला आणि तो आळ तुझ्यावर येऊ दिला, तिच्या हातचं तू वीस वर्षं जेवलास कसा?

मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. माझं म्हणणं असं की पहिल्या पुस्तकाचा शेवट दोन प्रकारे वाचता येतो. तुम्ही ते कोडं म्हणून वाचलं असेल, तर बार्बराचं नाव कळताच पुस्तक संपलं; पेटी बंद, कुलूप लागलं. अशा वाचकाला दुसरं पुस्तक म्हणजे बंद पेटी विनाकारण उचकटणं वाटणार. पण रस्टीचं गप्प बसणं हा ज्यांनी त्या पुस्तकाचा खरा शेवट मानला, त्यांच्यासाठी काहीच संपलेलं नव्हतं. गुन्हा लपवणं एका संध्याकाळी उरकत नाही. ते रोज करावं लागतं, नाश्त्याच्या टेबलावर, मुलाच्या वाढदिवसाला, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांची अपिलं फेटाळताना. मुलाची आई तुरुंगात जाऊ नये म्हणून जो गप्प राहिला, तो त्याच मुलासाठी तिला परत घरी आणेल, हे मला सुसंगत वाटतं. भयंकर आहे, पण सुसंगत आहे.

आणि म्हणून ते चोवीस तास. त्या खोलीत बसलेल्या माणसाला ठाऊक आहे की ही बाई काय करू शकते. त्यामुळे ती कशाने मेली असेल, याविषयी त्याच्या मनात जे प्रश्न येतात ते दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याच्या मनात येणार नाहीत. त्यांतला एकही तो पोलिसांना बोलून दाखवू शकत नाही. याहून पुढे गेले तर शेवट फुटेल.

दुसरा आक्षेप अ‍ॅनाबद्दलचा, आणि तिथे मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे. अ‍ॅना ही रस्टीच्या हाताखाली काम केलेली तरुण वकील. त्याचं तिच्याशी प्रकरण होतं. इथवर ठीक, रस्टी तीच घोडचूक दुसऱ्यांदा करतो याने बरेच वाचक चिडले, मला मात्र ते त्याच्या स्वभावाला धरून वाटलं. पण पुढे तीच अ‍ॅना नॅटच्या प्रेमात पडते. बाप आणि मुलगा, दोघांच्या आयुष्यात एकच मुलगी, आणि मुलाला बापाचं ठाऊक नाही. लेखकाला याची गरज का पडली ते दिसतं: खटल्यात रस्टीने तोंड बंद ठेवायला आणखी एक सबळ कारण हवं होतं. मुलाचं सुख पणाला लावलं की ते कारण मिळतं. पण गरज दिसते हाच दोष आहे. बाकी पुस्तकात माणसांच्या स्वभावातून घटना उगवतात. इथे घटनेला हवा तसा स्वभाव वळवला आहे. नॅट आणि अ‍ॅना स्वतः बोलतात ती प्रकरणं मला फिकी वाटली. पहिलं पुस्तक संपूर्ण रस्टीच्या तोंडून होतं, त्या एकाच आवाजाने आपल्याला जखडून ठेवलं होतं. इथे निवेदन चौघांत वाटलं आहे आणि काळही पुढे-मागे जातो. काहींना तो गोंधळ वाटला. मला गोंधळ झाला नाही, पण पकड सैल झाली हे खरं.

ही सैल झालेली पकड एका माणसाने मात्र भरून काढली आहे, आणि त्याच्याबद्दल नाराज वाचकही सहसा चांगलंच बोलतात. तो म्हणजे टॉमी मोल्टो. पहिल्या पुस्तकात हा चिडका, एकारलेला, खलनायकाच्या जवळ जाणारा माणूस. कारण आपण त्याला रस्टीच्या डोळ्यांनी पाहत होतो. दुसऱ्या पुस्तकात आपण त्याच्या घरात शिरतो. उतारवयात त्याने लग्न केलं आहे, बायको डॉमिंगा त्याच्याहून बरीच तरुण आहे, लहान मूल आहे, आणि आपल्याला हे सुख मिळालं याचं त्याला रोज नवल वाटतं. त्याला रस्टीवर खटला भरायची घाई नाही. जुनी हार उकरून काढायची त्याला भीती वाटते, सूडासाठी करतोय असं लोक म्हणतील याची लाज वाटते, आणि तरी पुरावा समोर आल्यावर कर्तव्य टाळता येत नाही. ज्या माणसाला आपण वीस वर्षं वाईट समजत होतो, तो संपूर्ण पुस्तकातला सर्वांत सरळ माणूस निघतो. समोर बचावाला पुन्हा स्टर्न आहे, आता कर्करोगाने खंगलेला, मुलगी मार्टाच्या आधाराने कोर्टात येणारा. त्याची उलटतपासणी आजही तितकीच मृदू आणि तितकीच घातक आहे. हे दोन म्हातारे एकमेकांसमोर उभे राहतात ती पानं मी कुणालाही वाचायला देईन, अगदी ज्याला बाकीचं पुस्तक आवडलं नाही त्यालाही.

२०२५ साली टुरो यांनी या मालिकेतलं तिसरं पुस्तक आणलं, ‘प्रिझ्यूम्ड गिल्टी’. त्यात निवृत्त, सत्तरी ओलांडलेला रस्टी स्वतः बचावाचा वकील म्हणून उभा राहतो. आरोपी आहे त्याच्या जोडीदारणीचा दत्तक मुलगा. पण तिथे जाण्याआधी ‘इनोसंट’ वाचा, आणि तेही पहिलं पुस्तक ताजं असताना. मधे दहा-पंधरा वर्षं गेली की आठवणीत फक्त खुनी कोण एवढंच उरतं आणि रस्टीचं गप्प बसणं विसरायला होतं. ज्या वाचकांनी दुसऱ्या भागावर राग काढला, त्यांतल्या बऱ्याच जणांचं असंच झालं असावं, असं मला मनापासून वाटतं.