घोटाभर पाणी आणि डिसेंबरचा पॅसिफिक

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या मराठी घरांत एक बेत हमखास ठरतो. भारतातून आई-बाबा आलेले असतात, ऊन छान पडलेलं असतं आणि कुणीतरी म्हणतं, चला, हाफ मून बेच्या किनाऱ्यावर जाऊन येऊ. पोहायचं कुणालाच नसतं. पँट दुमडून घोटाभर पाण्यात उभं राहायचं, पोरांनी वाळूत किल्ला करायचा, फोटो काढायचे आणि परतायचं. आज मला याच मंडळींशी बोलायचंय. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्र न पोहणाऱ्यालाही ओढून नेतो, आणि तेही अशाच स्वच्छ उन्हाच्या दिवशी.

आपल्यापैकी बहुतेकांना समुद्र माहीत आहे तो कोकणातला. तिथं तो पावसाळ्यात खवळतो आणि वारा, काळं आभाळ आधीच वर्दी देतात. इथं हिवाळ्यात वादळ होतं ते पार अलास्काच्या बाजूला, अल्यूशियन बेटांजवळ. त्याच्या लाटा दोन-तीन दिवस प्रवास करून आपल्याकडे पोचतात. तोवर इथलं आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. समुद्र शांत वाटतो.

सर्फिंग करणारे लोक म्हणूनच आभाळाकडे बघून ठरवत नाहीत. ते बॉयचे, म्हणजे समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या यंत्राचे, आकडे बघतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेला खोल समुद्रात लाटा मोजणारा बॉय तरंगत असतो, आणि त्याचे आकडे फोनवर कुणालाही दिसतात. त्यातले दोन महत्त्वाचे: लाटेची उंची आणि एका लाटेपासून दुसरी यायला लागणारे सेकंद. आपलं लक्ष उंचीकडे जातं, पण खरं बघायचे ते सेकंद. दहा सेकंदांनी येणाऱ्या लाटांमध्ये खोल पाण्यात साधारण १५६ मीटर अंतर असतं. सतरा सेकंदांनी येणाऱ्या लाटांमध्ये ४५० मीटर. म्हणजे सहा फुटांचीच लाट, पण तिच्यामागे पाणी किती! अशी लाट उथळात आली की उंच होते, आणि फुटल्यावर वाळूवर खूप वरपर्यंत धावत येते.

त्यातून या लाटा थव्याने येतात. एक थवा येऊन गेला की मध्ये दहा, पंधरा, कधी वीस मिनिटं जवळजवळ काहीच होत नाही. नेमक्या त्याच वेळात आपण गाडी लावून खाली उतरतो, सतरंजी पसरतो, आजोबा पाण्याकडे पाठ करून फोटोला उभे राहतात. मग जी लाट येते तिला इथं ‘स्नीकर वेव्ह’, म्हणजे चोरपावलांनी येणारी लाट, म्हणतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: किनाऱ्यावर पोचलात की आधी वीस मिनिटं वरच थांबा आणि पाहा. वाळू जिथवर ओली आहे तिथवर पाणी येऊन गेलेलं आहे, ते पुन्हा येणार. बसायचं ते त्याच्याही बरंच वर. मोंटारा, ग्रे व्हेल कोव्ह किंवा कार्मेलजवळचा मोनास्टरी बीच हे किनारे तर इतके उतरते आहेत की परतणारं पाणी पायाखालची वाळूच काढून घेतं. गुडघाभर पाण्यात धडधाकट माणूस आडवा होतो आणि भिजलेल्या जीन्समध्ये त्याला उठता येत नाही.

आता थंडीबद्दल. इथलं पाणी वर्षातला बराच काळ दहा ते चौदा अंश सेल्सिअस असतं. सर्वात गार बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, कारण वायव्येचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. अशा पाण्यात अचानक पडलं की माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो. आपण ठरवून नाही, शरीरच ओढतं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हे लक्षात ठेवायला सोपं करून सांगितलंय: श्वास आवरायला एक मिनिट, हातपाय नीट चालतात ती दहा मिनिटं, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. बरेच लोक दगावतात ते त्या तासात नाही, आधीच्या मिनिटांत. तेव्हा पडलात तर पहिलं मिनिट पोहू नका. डोकं मागे टाका, तोंड आभाळाकडे, हात हळू हलवत तरंगा. दम ताब्यात आला की मग हात वर करून मदत मागा. प्रवाह आत ओढत असेल तर त्याच्याशी झुंजू नका. ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहा आणि मग बाहेर या.

समोर सर्फर मजेत दिसतात म्हणून फसू नका. त्यांच्या अंगावर चार-पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे अंग ऊबदार ठेवणारा रबरी पोशाख, असतो. वेटसूट घरोघरी पोचवणाऱ्या जॅक ओनील यांनी १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचजवळ दुकान काढलं, ते याच गारठ्यावर उपाय शोधत. आपल्या अंगावर असतो सुती कुर्ता.

कुणी ओढलं गेलं तर मागोमाग उडी घेऊ नका. हे ऐकायला निष्ठुर वाटेल, पण वाचवायला गेलेलेच अनेकदा बुडतात. कुत्रा पाण्यात गेला तरी जाऊ नका, तो बहुतेक वेळा स्वतःच बाहेर येतो. ९११ला फोन करा, किनाऱ्याचं नाव सांगा. रिकामा कूलर, बॉल, जे तरंगेल ते फेका. आणि एकाने फक्त त्या माणसाकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हलवायची नाही.

बाहेर काढलेल्या माणसाला आडवं ठेवा, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा. आपल्याकडे लगेच हातपाय चोळायला घेतात, ते इथं नको. ब्रँडीही नको.

राष्ट्रीय हवामान सेवेचा किनाऱ्यासाठी इशारा असेल त्या दिवशी आई-बाबांना सांताक्रूझच्या वेस्ट क्लिफवर, समुद्राकाठच्या कड्यावरच्या रस्त्यावर, न्या. तिथलं छोटं दीपगृह मार्क अॅबट या तरुणाच्या स्मरणार्थ त्याच्या आईवडिलांनी बांधलं; तो १९६५ मध्ये सांताक्रूझजवळच्या लाटांत बुडून गेला. आत सर्फिंगचं संग्रहालय आहे, आणि कठड्याच्या अलीकडून मोठ्या लाटांवरचे सर्फर अगदी जवळून दिसतात. खाली खडकांवर मात्र उतरू नका. सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा सकाळी लवकर निघा.